किल्केनीचा निबंधकार

आयर्लंडचं साहित्य म्हटलं की जॉईस, येट्स, बेकेट ही नावं लगेच पुढे येतात. निबंध कुणाच्या डोक्यात येत नाही. मला मात्र त्या देशातला एक निबंधकारच जास्त जवळचा वाटतो. ह्युबर्ट बटलर, 1900 ते 1991.

बटलर किल्केनी परगण्यातले, नोर नदीकाठच्या प्रोटेस्टंट घराण्यातले. कॅथलिक बहुसंख्य देशात प्रोटेस्टंट थोडे. थोड्यांना एक सवय लागते, ती आपल्या वाचकांना समजावून सांगायला नको: गप्प बसायचं, आपल्यापुरतं बघायचं, जमलं तर देश सोडायचा. अर्थात त्यांचं घर मोठं होतं, मागे जमीन होती. मोहल्ल्यातल्या भाड्याच्या खोलीशी त्याची बरोबरी करून चालणार नाही. ते ऑक्सफर्डला शिकले, चेखवच्या नाटकाचा इंग्रजी अनुवाद केला, 1938 मध्ये व्हिएन्नात क्वेकर मंडळींबरोबर राहून ज्यूंना बाहेर काढायला हातभार लावला. आणि मग वडिलांच्या घरी परत येऊन तिथेच राहिले.

तीसच्या दशकात ते काही वर्षं युगोस्लाव्हियात होते, तिथली भाषा त्यांना येत होती. युद्धानंतर ते पुन्हा झाग्रेबला गेले आणि ग्रंथालयात बसून युद्धकाळातली वर्तमानपत्रं, चर्चची नियतकालिकं वाचली. क्रोएशियात उस्ताशी राजवटीत ऑर्थोडॉक्स सर्बांची कत्तल झाली, जबरदस्तीने धर्मांतरं झाली, आणि चर्चमधल्या अनेकांचं मौन किंवा साथ त्या छापील पानांवर होती. 1952 मध्ये डब्लिनच्या एका सभेत युगोस्लाव्हियातल्या कॅथलिकांच्या छळावर भाषण झालं. त्यानंतर बटलर उठले आणि या धर्मांतरांबद्दल बोलू लागले. समोर पोपचे राजदूत बसले होते. ते उठून निघून गेले आणि सभा तिथेच थांबली.

दुसऱ्या दिवसापासून बटलर वर्तमानपत्रांचा विषय झाले. त्यांचं म्हणणं खरं की खोटं, याची चौकशी फारशी कुणी केली नाही. पाहुण्यांचा अपमान झाला, एवढंच सगळ्यांना पुरलं. किल्केनीची जी पुरातत्त्व संस्था त्यांनी नव्याने उभी केली होती, तिथूनही त्यांना बाहेर पडावं लागलं. आपल्याकडे अशा वेळी म्हणतात, ‘बोलायची काय गरज होती?’ तिथेही तेच म्हणत असावेत.

ते लिहित राहिले, पण छोट्या मासिकांत. मासिकाचा अंक रद्दीत जातो, लेखही त्याच्याबरोबर जातो. 1984 मध्ये अँटनी फॅरेल यांनी लिलिपुट प्रेस ही छोटी प्रकाशनसंस्था काढली आणि 1985 मध्ये बटलरांचा पहिला निबंधसंग्रह ‘एस्केप फ्रॉम द अँटहिल’ आला. लेखक तेव्हा पंच्याऐंशीच्या उंबरठ्यावर! पुढे ‘द चिल्ड्रन ऑफ ड्रान्सी’, ‘ग्रँडमदर अँड वुल्फ टोन’, आणि मृत्यूनंतर ‘इन द लँड ऑफ नॉड’. पुस्तकांत आल्यावरच लोकांना कळलं की गावच्या संतांवर लिहिणारा आणि ड्रान्सीच्या छावणीतून आउश्वित्झला धाडलेल्या ज्यू मुलांवर लिहिणारा माणूस एकच आहे.

म्हणून संग्रह कोण करतं, याकडे माझं लक्ष असतं. 1991 मध्ये ‘फील्ड डे’ने आयरिश लेखनाचे तीन जाडजूड खंड काढले. निबंध, भाषणं, राजकीय पत्रकं, सगळं त्यात. पण बायकांचं लेखन इतकं कमी होतं की गदारोळ उठला, आणि 2002 मध्ये स्त्रियांच्या लेखनाचे आणखी दोन खंड काढावे लागले. उर्दू माध्यमाच्या मुलांना मराठी शिकवताना मीही पाठ्यपुस्तकाची अनुक्रमणिका आधी बघते. आपल्यापैकी कोण आहे, किती पानांत आहे.

2000 साली, बटलरांच्या जन्मशताब्दीला, किल्केनीच्या महापौरांनी गावाच्या वतीने जाहीर माफी मागितली. माफी ऐकायला बटलर नव्हते.

वाचायचंच असेल तर डब्लिनच्या त्या सभेवर त्यांनी स्वतः लिहिलेला निबंध आधी घ्या: ‘द सब-प्रीफेक्ट शुड हॅव हेल्ड हिज टंग’. इंग्रजी सोपं नाही, सावकाश वाचावं लागतं.