गावठी

लोणावळ्याच्या बंगल्यांवर 'कुत्र्यापासून सावध रहा' अशी पाटी असते. आमच्या मावळातल्या घरांवर पाटी नसते, पण कुत्रे असतेच. बंगल्यातल्या कुत्र्याला जात असते : अल्सेशियन, डॉबरमन, लॅब्रॅडॉर. आमच्या कुत्र्याची जात विचारली तर एकच उत्तर, 'गावठी'! या शब्दातली तुच्छता केवळ कुत्र्यांच्याच वाट्याला येते असे नाही, म्हणून हा विषय मला जवळचा वाटतो.

माझे वडील एका बंगल्यावर माळीकाम करतात. सुट्टीत मीही त्यांच्या हाताखाली जातो. तेथील अल्सेशियन दिसायला वाघ. परंतु वीज कडाडली की पलंगाखाली शिरतो. शेजारच्या बंगल्यातला त्याच जातीचा कुत्रा मात्र धो धो पावसात फाटकाशी उभा राहतो. दोघेही जातिवंत. मग स्वभाव जातीचा म्हणायचा की त्या त्या कुत्र्याचा?

शास्त्रज्ञांनाही हा प्रश्न पडला. अमेरिकेत १८ हजारांहून अधिक कुत्र्यांची पाहणी झाली व तिचे निष्कर्ष २०२२ साली 'सायन्स' या नियतकालिकात आले. कुत्र्याकुत्र्यांच्या वागण्यात जो फरक दिसतो, त्यातला सुमारे ९ टक्केच जातीमुळे असतो, असे त्यात आढळले. माणसाचे ऐकण्याच्या वृत्तीत जातीचा हात काहीसा अधिक. पण कुत्रा किती चटकन चिडेल, हे जातीवरून जवळजवळ सांगताच येत नाही.

याचा अर्थ जातीला काहीच किंमत नाही असा नव्हे. मुंबई पोलिसांचा 'जंजीर' हा लॅब्रॅडॉर पुण्यात शिवाजीनगरच्या श्वान प्रशिक्षण केंद्रात शिकला आणि १९९३ च्या बॉम्बस्फोटांनंतर त्याने ३३०० किलोंहून अधिक आरडीएक्स शोधून दिले. आपल्याच तालुक्यात सुदुंबरे येथे राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची पाचवी तुकडी आहे. याच दलाची 'ज्युली' ही लॅब्रॅडॉर कुत्री फेब्रुवारी २०२३ मध्ये तुर्कस्तानात भूकंपाच्या ढिगाऱ्यावर भुंकली; खाली सहा वर्षांची मुलगी जिवंत होती. नाक दोघांचेही जातीने दिलेले. पण स्फोटके हुंगणाऱ्या कुत्र्याला वास लागताच गप्प बसायला शिकवतात, आणि ढिगाऱ्यावरच्या कुत्र्याला भुंकायला. जात एक, धडे मात्र अगदी उलट!

आता आमचा मोत्या पाहा. त्याला कोणी काही शिकवलेले नाही. परका माणूस आला तर तो अंगावर धावून भुंकतो. साप दिसला तर लांबून गोल गोल फिरत भुंकतो. बिबट्याची चाहूल लागली तर भुंकतच नाही. दाराला पाठ लावून घशातल्या घशात गुरगुरतो. तो आवाज ऐकला की आजी शेळ्या आत आहेत का ते मोजते. आमच्या घरात ही भाषा लहान पोरालाही समजते. रविवारी शहरातली मुले लोहगडावर येतात, तेव्हा वस्तीवरचे एखादे कुत्रे त्यांच्या पुढे पुढे चालत थेट दरवाजापर्यंत सोबत करते. बिस्किटाचा तुकडा मिळो वा न मिळो.

अशा कुत्र्याला शिकवले तर? उत्तराखंड पोलिसांनी ते करून पाहिले. त्यांनी 'ठेंगा' नावाच्या रस्त्यावरच्या कुत्र्याला श्वानपथकात घेतले व २०१९ साली तो जातिवंत कुत्र्यांच्या रांगेत उभा राहिला. नाक त्याला आधीपासूनच होते. उणीव होती ती शिकवणाऱ्याची.

आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिला. पहिल्या वर्षी माझ्या बोलण्यावरून वर्गात एकदा 'गावठी' हा शब्द ऐकू आला होता. तेव्हा उत्तर सुचले नाही. आज एवढेच म्हणेन, की तो शब्द माणूस कोठून आला ते सांगतो. तो काय शिकू शकेल, हे सांगण्याचा अधिकार त्याला नाही.