बेळगावच्या खालून गेलेली रेघ

सीमा, स्थलांतर, जागतिक नागरिकत्व असले विषय घेऊन केलेली कला मला बरीच वर्षं पोकळ वाटायची. त्यातही प्रेक्षकांना कामाला लावणारी. इथे चिठ्ठी लिहा, तिथे काही चिकटवा, एखादी वस्तू घरी न्या आणि बाहेर पडताना विश्वाचे नागरिक होऊन पडा! ज्यांच्या पासपोर्टात शिक्क्यांना जागा उरलेली नाही, त्यांचं ‘सीमा नकोत’ म्हणायला काय जातं? मी शाळेत चित्रकला शिकवण्यात आयुष्य घालवलं. मुलुंडहून काळा घोड्याला प्रदर्शन बघायला जायचं तर माझा अर्धा दिवस मोडतो. त्यामुळे असल्या प्रदर्शनांतून मी बहुधा चरफडतच परत यायचो.

शिल्पा गुप्ता या मुंबईच्याच, जे. जे.मध्ये शिल्पकला शिकलेल्या कलावंत. ‘इथे सीमा नाही’ असं इंग्रजीत छापलेली पिवळी चिकटपट्टी घेऊन त्यांनी भिंतीवर झेंडा उभा केला. पोलीस घटनास्थळाभोवती लावतात, तसली पट्टी. ते काम बघून मी म्हटलं होतं, ‘वाघा सीमेवर जाऊन चिकटवा म्हणावं.’ त्यांनीच पाकिस्तानच्या हुमा मुलजींबरोबर 2000 पासून ‘आर-पार’ हा उपक्रम चालवला. 2002 मध्ये दोन देशांमधली विमानं, रेल्वे, बस सगळं बंद होतं, तेव्हा चित्रं ई-मेलने पलीकडे गेली, तिकडे छापली गेली आणि रस्त्यावर लागली. याचं मला कौतुक वाटलं, नाही असं नाही. पण चित्र गेलं म्हणून माणूस थोडाच जातो, हा माझा मुद्दा कायम होता.

पहिल्यांदा मी घुटमळलो ते गुप्तांच्या सुताच्या गुंड्यापाशी. हाताने गुंडाळलेला, अंड्याच्या आकाराचा दोऱ्याचा गोळा आणि सोबत पितळी पट्टी. भारताच्या पश्चिम आणि वायव्य सीमेवरचं 1188.5 मैलांचं कुंपण, प्रमाण 1:14.9. म्हणजे दोरा सुमारे 80 मैलांचा, 128 किलोमीटर. चर्चगेटला एक टोक धरलं तर दुसरं डहाणूच्या थोडं पुढे जाईल. या कामात ‘सीमा नकोत’ असं कुठेच म्हटलेलं नाही. सीमेवरचं कुंपण केवढं आहे, एवढंच ते काम मोजून दाखवतं.

मत खरं पालटलं ते नकाशांमुळे. 2007-08 मध्ये गुप्तांनी शंभर जणांना आठवणीतून भारताचा नकाशा काढायला सांगितला होता. पुढे इतर देशांतही त्यांनी हे केलं. सर्व्हे ऑफ इंडियाच्या नकाशाशी न जुळणारा भारताचा नकाशा छापणं आपल्याकडे गुन्हा आहे. आणि इथे तर शंभर नकाशे, दोन एकमेकांशी जुळतील तर शपथ! आमच्या ज्येष्ठ नागरिकांच्या कट्ट्यावर मी हाच खेळ मांडला. खेळ पुरेसा रंगेना, म्हणून दुसऱ्या कागदावर महाराष्ट्र काढायला सांगितला.

भारत काढताना बहुतेकांनी काश्मीरचं डोकं जपून, पुन्हा पुन्हा खोडून काढलं आणि ईशान्येकडे जाईपर्यंत कागद संपवला. मुलुंड कॉलनीतल्या एक सिंधी आजी, लहानपणी फाळणीनंतर बोटीने आलेल्या, त्यांनी आधी कराची काढली, मग किनाऱ्याने खाली येत मुंबई. “अहो, कराची कशी आली आपल्यात?” शेजारच्या काकांनी विचारलं. “मी तिथून आले ना,” आजी म्हणाल्या आणि गुजरातचा फुगवटा काढायला लागल्या. 1936 पर्यंत सिंध मुंबई इलाख्यातच होता. कराचीतलं नारायण जगन्नाथ हायस्कूल एका मराठी शिक्षणाधिकाऱ्याच्या नावाने आजही चालू आहे. दोन देशांत ये-जा करायला 1948 मध्ये परमिट आलं, 1952 मध्ये पासपोर्ट. आजींच्या पेन्सिलीपर्यंत यातलं काहीच पोचलं नव्हतं.

आणि माझी पेन्सिल? महाराष्ट्र काढताना ती बेळगावच्या खालून गेली. कर्नाटकातलं निपाणी आत, कारवारही आत. न ठरवता. 1956 ची राज्य पुनर्रचना, 1967 चा महाजन अहवाल, 2004 पासून सर्वोच्च न्यायालयात असलेला दावा हे सगळं मला तोंडपाठ आहे. बेळगावला जायला मला कोणी अडवत नाही, परवाना लागत नाही. तरीही कागदावर ती रेघ मला माझ्या मनासारखी हवी होती. ‘सीमा नकोत’ म्हणणाऱ्यांना मी भाबडं म्हणत होतो. मला तर सीमा हवी होती, फक्त थोडी खाली सरकवून!

तेव्हापासून ही कला सीमा पुसते का, हे मी विचारत नाही. ते तिचं कामच नाही. आपला हात कुठे वळतो आणि कुठे अडतो, हे ती आपल्याच हाताने दाखवते आणि त्यासाठी प्रेक्षकाला कामाला लावावंच लागतं. हे मला व्याख्यान ऐकून कळलं नसतं.

‘जागतिक नागरिक’ हा शब्द मात्र मला अजून पचलेला नाही. साधारणपणे दहावी न झालेल्या माणसाच्या पासपोर्टवर ईसीआरचा, म्हणजे परदेशी कामाला जाण्याआधी तपासणी आवश्यक असल्याचा, शेरा असतो. आखातासह ठरावीक देशांत मजुरीला जायचं, तर 1983 च्या कायद्यानुसार त्याला वेगळी परवानगी काढावी लागते. हेतू त्याला दलालांपासून वाचवण्याचा आहे आणि ती फसवणूक खोटी नाही. पण माझ्यासारख्याला जी सीमा विमानात बसल्यावर लागते, ती त्याला गुणपत्रिकेपाशीच लागते. कोरे कागद आणि पेन्सिली घेऊन कोणी कलावंत अंधेरीला, सहार विमानतळाबाहेर, रात्रीच्या विमानाची वाट बघत बसलेल्या या माणसांपाशी गेला, तर ते नकाशे बघायला मी मुलुंडहून कितीही गाड्या बदलून येईन.