प्रेक्षकाला आत कधी घ्यावे?

नटाला प्रेक्षक हवा असतो, पण प्रेक्षक नटाला नेमके काय देतो? माझ्या मते नवे काहीच देत नाही. अंगात जे मुरले आहे त्यालाच तो जोर चढवतो. पाठांतर पक्के असेल तर हाऊसफुल्ल प्रयोगात वाक्य धारदार येते, कच्चे असेल तर त्याच गर्दीपुढे जीभ अडखळते. दादरचे शिवाजी मंदिर नाट्यगृह सुरू झाले त्याच १९६५ साली रॉबर्ट झायोंक या मानसशास्त्रज्ञाने हे सूत्र मांडले: चार डोळे समोर असले की माणूस चेततो आणि चेतलेल्या माणसाच्या हातून अंगवळणी पडलेलेच आधी बाहेर येते. १९८२च्या एका अमेरिकन अभ्यासात पूल खेळणाऱ्यांच्या टेबलाशी चार जण येऊन उभे राहिले. चांगल्या खेळाडूंचे अचूक फटके शंभरात ७१ होते ते ८० झाले. कच्च्यांचे ३६ वरून २५ वर घसरले. म्हणून पाठांतर पक्के होईपर्यंत तालीम प्रेक्षकाविना, बंद दाराआड व्हावी.

यावर कोणी म्हणेल, हशा कुठे येतो आणि तो ओसरेपर्यंत किती थांबायचे, हे रिकाम्या खोलीत कसे कळणार? खरे आहे. पण प्रेक्षकांपुढे नट शिकतो तो फक्त पॉज, आणि तोही पुढचे वाक्य ओठावर तयार असेल तरच. नसेल तर तो हशाच त्याला पुढचे वाक्य विसरायला लावतो. दुसरा आक्षेप छबिलदासचा. १९७४पासून ‘आविष्कार’ या नाट्यसंस्थेने छबिलदास शाळेच्या सभागृहात हाताच्या अंतरावर प्रेक्षक बसवून प्रायोगिक नाटके केली, मग कच्चेपण झाकायला आडोसा कुठला? आडोसा नव्हता, म्हणूनच तालीम अधिक पक्की हवी. नाटक प्रायोगिक असले म्हणून पाठांतर प्रायोगिक असून चालत नाही.

तिसरा आक्षेप मला सर्वांत वजनदार वाटतो: तालमीत दिग्दर्शक आणि सहकलाकार असतातच, मग एकांत कुठला? मानसशास्त्रज्ञ कॉट्रेल आणि सहकाऱ्यांनी १९६८मध्ये दाखवले की डोळे बांधून बसलेल्यांच्या हजेरीने असा फरक पडत नाही. म्हणजे नुसती माणसे असून भागत नाही. आपल्याला कोणीतरी जोखते आहे, ही जाणीव लागते. म्हणून पहिल्या वाचनापासून निकाल देत बसणारा दिग्दर्शक हा वेळेआधी आत शिरलेला प्रेक्षकच. हालचाली बसेपर्यंत त्याने सुचवावे, तोलू नये. निर्माते आणि नातेवाईक तर तालमीच्या खोलीबाहेरच बरे. पाठांतर झाले की मात्र दार उघडावे, आधी चार ओळखीचे, मग रंगीत तालमीला अनोळखी. रिप्लेसमेंटचा नट थेट रविवारच्या हाऊसफुल्ल प्रयोगाला उभा करणे ही त्याची परीक्षा नव्हे, निर्मात्याची घाई आहे.