अफलातून

आमच्या बीड जिल्ह्यात एखादे कीर्तन रंगले, आमटी उत्तम उतरली, किंवा एखाद्या पोराने काठावरून विहिरीत सूर मारला, तर पाहणाराच्या तोंडून "अफलातून!" असा उद्गार सहज निघतो. आपण एका ग्रीक तत्त्ववेत्त्याचे नाव घेतले, हे त्याच्या गावीही नसते. पाठ्यपुस्तकातला प्लेटो तो हाच, असे वर्गात सांगितले की मुले माझ्याकडे किंचित संशयाने पाहू लागतात.

मूळ नाव प्लातोन. अरबी वर्णमालेत 'प' नाही, आणि शब्दारंभीचे जोडाक्षर त्या भाषेस सोसत नाही. म्हणून 'प'चा 'फ' झाला, आरंभी 'अ' लागला, आणि ही नवी मूर्ती फारसी-उर्दूच्या वाटेने दक्षिणेत उतरली. आमचा मुलूख 1948 पर्यंत निजामाच्या राज्यात. कचेरीची भाषा उर्दू, 1918 साली निघालेल्या उस्मानिया विद्यापीठाचीही उर्दूच. त्या उर्दूत 'बडा अफलातून' हा शहाणपणाचा तोरा मिरवणाऱ्यास मारलेला टोमणा. मराठीत तोरा गळाला आणि शाबासकी तेवढी उरली. अरस्तू व सुकरात बिचारे विशेषनामेच राहिले. विशेषणाची बढती एकट्या प्लेटोस मिळाली!

हा शब्द यावनी म्हणून टाकावा, असे सांगणारे अजून भेटतात. 1925 साली फारसी-मराठी कोश सिद्ध करणाऱ्या माधवराव पटवर्धनांनीच पुढे भाषाशुद्धीचा कैवार घेतला, तेव्हा हा वाद विद्वानांचाही आहे. शब्द यावनी खराच. कारण 'यवन' हे नाव मुळी आयोनियातील ग्रीकांचे. परंतु रुंद अंगलटीमुळे कुस्तीच्या गुरूने अरिस्तोक्लीस नावाच्या शिष्यास प्लातोन म्हटले, अशी जी जुनी कथा आहे (तिच्यावर पंडितांचा फारसा विश्वास नाही), तीतला 'रुंद' या अर्थाचा ग्रीक शब्द आपल्या 'पृथु'चा सख्खा भाऊ आहे. शुद्धीच करावयाची तर प्लेटोस पृथुराव म्हणावे लागेल, आणि "आमटी पृथुराव झाली" हे कोणत्या गृहिणीस रुचेल? मला तर आहे तोच शब्द मराठी वाटतो.

या गृहस्थाने आपल्या आदर्श राज्यातून कवींना हद्दपार केले होते. देवांची स्तोत्रे व सज्जनांची स्तुती एवढेच काव्य आत ठेवले. आंबेजोगाईस ज्यांची समाधी आहे ते मुकुंदराज त्या वेशीतून बहुधा सुटले असते. आमच्या कविसंमेलनांत "अफलातून!" अशी दाद घेऊन खाली बसणाऱ्यांपैकी किती सुटले असते, ते सांगवत नाही.