बाभळीचा पाइप

वडिलांच्या शिक्षकाच्या नोकरीमुळे आम्ही वसईहून तासगावी आलो, तेव्हा त्यांच्या सामानात एक विलायती पाइप होता. संध्याकाळी गणपती मंदिराच्या गोपुरावरचे ऊन उतरले आणि वह्या तपासून झाल्या की, तो पेटवून ते अंगणात बसत. एका उन्हाळ्यात तो फरशीवर पडला आणि त्याचे भांडे तडकले. तासगावच्या बाजारात बेदाणा हवा तेवढा. पाइप कोठून मिळणार? "आपणच करू," वडील म्हणाले.

पाइपसाठी जगभर नावाजलेले लाकूड ब्रायरचे. भूमध्य समुद्राकाठच्या एका झुडपाच्या बुंध्याशी, जमिनीखाली, जी गाठ धरते, तिच्यातून ते काढतात. ते कठीण असते आणि सहजासहजी जळत नाही. आमच्याकडे द्राक्षबागा; म्हणून वडिलांनी वेलीचे जुने खोड निवडले. ते वाळता वाळताच उभे चिरले. शेजारचे सुतारमामा हसले. "मास्तर, येल फळाला चांगला. लाकूड पायजे तर बाभळ घ्या." नांगराला आणि गाडीच्या चाकाला चालणाऱ्या बाभळीचे दोन वाळलेले ठोकळे त्यांनी दिले. कण्हेरीला मात्र हात लावू नका, ती विषारी, असेही बजावले.

ठोकळा चौकोनी असतानाच भोके पाडावयाची, कारण आकार दिल्यावर तो शिकंज्यात घट्ट बसत नाही. दांड्याच्या बाजूने सुमारे ४ मिलिमीटरचे अरुंद भोक आणि वरून तंबाखूसाठी २० मिलिमीटरचा खळगा. ही दोन्ही खळग्याच्या अगदी तळाशी मिळाली पाहिजेत. भोक वर राहिले तर तळाची तंबाखू ओलसर राहते व जळत नाही. हातड्रिलची मूठ मी फिरवीत असे; वडील एक डोळा मिटून "डावीकडे, जरासे डावीकडे" म्हणत. पहिला ठोकळा वाया गेला. दुसऱ्यात वडिलांनी एका टोकाने फुंकर मारली आणि दुसऱ्या टोकाशी धरलेल्या माझ्या तळहाताला वारा लागला. आम्ही दोघेही मोठ्याने हसलो. मग कानस, पॉलिश पेपर आणि बाहेरून जवसाचे तेल. आतून मात्र लाकूड कोरेच ठेवले. तोंडाशी धरावयाची नळी जुन्याच पाइपची बसविली.

तंबाखू या देशात पोर्तुगीजांनी आणली. १७व्या शतकाच्या आरंभी असद बेगाने ती विजापुराहून अकबराच्या दरबारी नेली, तीही रत्नजडित नळीसह. पुढे १६१७ साली जहांगीराने तिच्यावर बंदी घातली. पण लोकांनी ती काही सोडली नाही. वडील आम्हांला ही गोष्ट रंगवून सांगत, आणि सांगताना हातात पाइप असे.

बादशहाला जे जमले नाही ते डॉक्टरांच्या एका वाक्याने झाले, परंतु उशिरा. गाठ स्वरयंत्रात होती. स्वरयंत्र काढले, आणि वडील गळ्याला पाडलेल्या छिद्रातून श्वास घेऊ लागले. आयुष्यभर वर्गात बोललेला माणूस पाटीवर लिहू लागला. त्या दिवसांत मला राहून राहून ते ड्रिल आठवे. मूठ तर मीच फिरविली होती.

एकदा मी तो पाइप त्यांच्यासमोर धरला आणि विचारले, "टाकून देऊ का?" त्यांनी तो हातात घेतला, अंगठा दांड्यावरून फिरविला. मग पाटीवर सावकाश लिहिले, "ठेव. पेटवू नकोस."

वडील जाऊन आता बरीच वर्षे झाली. पाइप माझ्या टेबलाच्या खणात आहे. परवा माझ्या मुलाने तो काढला आणि विचारले, "बाबा, हे वाकडं भोक आरपार गेलं कसं?" ते वाकडे नाही, दोन सरळ भोके आहेत, हे मी त्याला समजावून सांगितले. त्याने कुतूहलाने एका टोकाने फुंकर मारली. मी दुसऱ्या टोकाशी तळहात धरला. मग त्याच्या हातातून पाइप घेऊन पाटीवरचे ते वाक्यही त्याला सांगितले.