आधी टिंग, मग खाऊ

मुलांनो, आपल्या वसईची सुकेळी खाल्लीत ना? केळीच्या वाळक्या पानात बांधलेलं पुडकं आईनं पिशवीतून काढलं, की लगेच मन हरखतं. गंमत बघा, सुकेळं अजून तोंडात पडलेलंसुद्धा नसतं! मग हा आनंद कशाचा?

उत्तर आहे मेंदूत. मध्यमेंदूतल्या काही पेशी डोपामाइन नावाचं रसायन सोडतात. त्यांचे धागे पार मेंदूच्या पुढच्या भागापर्यंत जातात. १९५४ साली कॅनडातल्या जेम्स ओल्ड्स आणि पीटर मिल्नर यांनी उंदरांच्या मेंदूत ठराविक जागी बारीक तार बसवली. कळ दाबली, की तिथे हलकासा वीजप्रवाह जाई. उंदीर तासाला शेकडो वेळा कळ दाबत राहिले! आपल्या नागपूर विद्यापीठातही उंदरांना अशीच कळ देऊन अभ्यास झाला आहे, बरं का.

पुढे वुल्फ्राम शुल्ट्झ यांनी माकडांवर प्रयोग केले. आधी दिवा लागे, मग फळांचा रस मिळे. सुरुवातीला रस मिळताच या पेशी चेतत. सवय झाल्यावर मात्र दिवा लागताच चेतू लागल्या. रस आलाच नाही, तर त्या वेळी गप्प पडत. म्हणजे 'मिळेल, मिळेल' असं सांगून त्या आपल्याला पुढे ढकलतात.

आता माझीच चूक सांगते. तिसरीतली एक मुलगी, वर्षभर अडखळत वाचणारी, पहिल्यांदाच धडा सलग वाचत होती. इतक्यात टेबलावरचा माझा मोबाइल 'टिंग' वाजला. हात आपोआप तिकडे गेला. वर पाहिलं, तर ती थांबलेली. म्हणाली, "बाई, तुमचं होऊ दे, मग वाचते."

संदेश होता कुठल्याशा साड्यांच्या सेलचा! मला फार ओशाळल्यासारखं झालं. तुम्हाला 'आता गेम पुरे' म्हणून दटावणारी मी! माझं तरी त्या उंदरांपेक्षा काय वेगळं चाललं होतं?

तेव्हापासून शाळेत माझा मोबाइल आवाज बंद करून कपाटात असतो. 'टिंग' ऐकून मन आवरणं कठीण, त्यापेक्षा ते ऐकूच न येणं सोपं. तुम्हीही करून पाहा. जेवताना घरातले सगळे मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवायचे. आईबाबांचेसुद्धा हं!

दुसऱ्या दिवशी मी तिला तोच धडा पुन्हा वाचायला सांगितला. तिनं आधी टेबलाकडे पाहिलं. तिथे फक्त खडूचा डबा होता. मग तिनं पुस्तक उघडलं.