उघड, पण सगळं नको

कळवा

तीर्थस्वरूप काकूस,


घर लोकांना पाहायला उघडावं का, असं तू विचारलंस. उघड. पण सगळं नको, आणि फुकट तर मुळीच नको. फोनवर एवढंच बोलून तुझं समाधान होणार नाही, म्हणून लिहितो.

रत्नागिरीतलं टिळकांचं जन्मघर तू पाहिलं आहेस. ते राज्याच्या पुरातत्त्व खात्याकडे आहे. त्यामुळे उद्या तिथे कुणी इमारत उठवणार नाही, हे चांगलंच. पण तिथे चूल पेटत नाही. वाशांना धूर लागला की कीड दबून असते, हे तूच सांगायचीस. आपल्या घरात कुणी लोकमान्य जन्मला नाही, तेव्हा खातं काही आपल्या दारात येणार नाही. मला त्याचं फारसं वाईट वाटत नाही.

राहतं घर उघडं ठेवायचं तर दादरचं राजगृह पाहावं. (फास्ट लोकल कळव्याला थांबत नाही, पण दादरला स्लोनेही जाता येतं, ये एकदा.) बाबासाहेबांनी ते १९३०च्या दशकात बांधलं, ते मुख्यतः पुस्तकांसाठी. खाली संग्रहालय, वर कुटुंब. ६ डिसेंबरला तिथे किती माणूस लोटतं ते तुला ठाऊक आहे. जुलै २०२० मध्ये आवारात शिरून कुणी कुंड्यांची नासधूस केली. दार उघडं ठेवलं की हेही पदरात येतं. तरी ते दार कायमचं बंद झालं नाही.

पण आपल्याला शिकण्यासारखं खरं घर गोव्यात आहे, चांदरला. ब्रागांझांचं. रस्त्यावरून पाहिलं तर एकच लांबलचक दर्शनी भिंत, खिडक्यांची रांग. आत मात्र वाटणी झालेली: एक बाजू मिनेझिस ब्रागांझांची, दुसरी ब्रागांझा परेरांची. दोन दारं, दोन हिशेब. पश्चिमेकडच्या भागात लुईस द मिनेझिस ब्रागांझा यांचा ग्रंथसंग्रह आहे, सुमारे ५,००० पुस्तकांचा. पोर्तुगीज राजवटीवर टीका करणारे ते पत्रकार. १९०० साली निघालेल्या ‘ओ हेराल्दो’ दैनिकाच्या संस्थापकांपैकी एक. १९३८ मध्ये ते गेले. पुढे १९५० मध्ये घरच्यांना घर सोडावं लागलं, ते गोवा मुक्त झाल्यावर परतले. पुष्कळ वर्षं या घराचा खर्च बघ्यांच्या देणगीवर निघत आला. मी गेलो तेव्हा घरच्याच एका बाईंनी खोल्या दाखवल्या आणि निघताना पेटीकडे नुसतं पाहिलं. किती टाकायचे ते कळेना. मागणाऱ्याला संकोच, देणाऱ्यालाही. म्हणून आपण दर ठरवून पाटीवर लिहावा, असं माझं मत आहे.

त्या भिंतीसमोर उभं राहिल्यावर मला आपले भाऊबंद आठवले. वाटणी झाली की घर मोडलंच, असं आपल्याकडे धरूनच चालतात. चांदरला दोन बिऱ्हाडं वेगळी झाली, पण दर्शनी बाजू कुणी कापली नाही.

आता तुझ्यापुरतं. ओटी, पडवी, माजघर, भाताची कोठी दाखव. देवघर दारातूनच. तुझी निजायची खोली आणि बाळंतिणीची खोली बंद; तिथे कुणी कितीही आग्रह केला तरी नाही म्हणजे नाही. दुपारी एक ते चार दार लावून घे, तुझी वामकुक्षी चुकली की दिवसभर चिडचिड करतेस. चपला खळ्यातच काढायला सांग, सारवलेली जमीन महिन्यात उखडेल नाहीतर. पावसाळ्यात बंदच. पैशांची वही वेगळी कर आणि त्यातून आधी शाकारणी, मग उरलं तर बाकीचं. आणि एक, लोक वासे-कोरीवकामाच्या आधी संडास कुठे आहे ते विचारतात. मागच्या अंगणात तेवढं आधी बांधून घ्यावं लागेल. त्याचा खर्च मी देतो.

पण या सगळ्याच्या आधी कागद. घरपट्टी अजून आजोबांच्या नावावर आहे, म्हणजे हिस्सेदार सगळेच. एक जरी बिथरला तरी पाटी उतरवावी लागेल. साध्या कागदावर सगळ्यांची संमती लिहून घेऊ. पुण्याच्या दादाशी मी बोलतो. गिरगावच्या दोघांना तू फोन कर, तुझ्यापुढे त्यांचं काही चालत नाही.

तुझा पुतण्या